डिचोलीच्या उंच मुली

तन्वी आणि ईशान,

रविवारी व्हिडिओ कॉलवर तन्वीने वही कॅमेऱ्यासमोर धरली आणि विचारलं की एवढे सगळे आकडे दिलेत, त्यांचा ग्रूप्ड फ्रीक्वेन्सी टेबल करायला सांगितलाय, पण आकडे आहेत तसेच का नाही ठेवायचे? कॉम्प्युटरच्या सगळे लक्षात राहतात की. मी म्हटलं, कॉम्प्युटरच्या राहतात, माणसाच्या राहत नाहीत. तेवढ्यात लाइन गेली. ती आमच्याकडे जातेच. पण अर्धवट उत्तर देऊन गप्प बसायची मला सवय नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. तुमची आई वाचून दाखवेल. मध्ये कुठे ती हसली, तर तिला विचारा का हसली ते.

तुम्ही मला फक्त पेन्शनर आजी म्हणून ओळखता. त्याआधी माझी सगळी नोकरी पणजीच्या एका सरकारी कचेरीत आकडे मोजण्यात गेली. रिटायर झाल्यावर एका हॉटेलवाल्यांच्या ट्रस्टने मला आठवड्यातले काही दिवस कामाला बोलावलं. कार्डावर 'डेटा कन्सल्टंट' छापलं. काम तेच होतं, खुर्ची तेवढी मऊ होती.

माझा बॉस होता शिरोडकर. वयाने तुमच्या आईहून लहान, एमबीए झालेला, अतिशय सभ्य. ट्रस्टने ठरवलं होतं की पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतल्या काही प्राथमिक शाळांतल्या मुलींना युनिफॉर्म द्यायचे. पहिली ते चौथी, पिनाफोर, म्हणजे ब्लाउजवर घालायचा बिनबाह्यांचा फ्रॉक. मुली साडेतीनशेच्या आसपास. पहिल्याच दिवशी शिरोडकरने तीन चौकोन आखलेला कागद माझ्या टेबलावर ठेवला.

"स्मॉल, मीडियम, लार्ज," तो म्हणाला. "तीन सारखे भाग करू, मॅडम. सगळीकडे असंच चालतं."

"मधल्या मापाच्या मुली जास्त निघाल्या तर?"

"ॲव्हरेज आउट होईल."

"कापड ॲव्हरेज आउट होत नाही," मी म्हटलं. "आखूड झालं की आखूडच राहतं."

हे सगळं सुलभा परब समोर बसून ऐकत होती. युनिफॉर्म शिवण्याचं काम तिच्या गटाला मिळालं होतं. सुलभा पेडण्याची, मोपाच्या पठाराखालच्या एका गावातली. घरामागच्या लांबट खोलीत तिच्या गटाची शिलाई मशिनं. गटातल्या बहुतेक बायका सीझनमध्ये हरमलला टुरिस्टांच्या खोल्या साफ करायला जातात. मे महिन्यात किनाऱ्यावरची शॅक हॉटेलं मोडतात, खोल्यांना कुलपं लागतात आणि ऑक्टोबरपर्यंत कुणाच्या हाताला काम नसतं. युनिफॉर्मची ऑर्डर नेमकी त्या रिकाम्या महिन्यांत बसत होती. त्यामुळे सुलभाला ती या वर्षीपुरती नको होती, दर वर्षी हवी होती.

शिरोडकरने तिला फार नम्रपणे सांगितलं की वास्कोच्या एका रेडिमेडवाल्याचा कॅटलॉग ऑफिसात आलेला आहे. यंदा मापं चुकली, तर पुढच्या वर्षी ट्रस्टचा नाइलाज होईल. कापड मिलमधून एकदाच येणार होतं. कापलं की कापलं. सुलभा उठली. जाताना जिन्यावर मला एवढंच म्हणाली, "मॅडम, तुमचां टेबल नीट करा. मी कातर त्याच्यावर चालवतलंय."

आता टेबल म्हणजे काय ते सांगते.

पिनाफोरला मुख्य माप एकच लागतं: खांद्यापासून गुडघ्यापर्यंतची लांबी. पेडण्याच्या शाळांत सुलभाच्या गटाने स्वतः जाऊन टेप लावला. डिचोली त्यांना लांब पडत होती, म्हणून तिथली मापं शाळांनी गोळा करून पाठवायची असं ठरलं. दोन्हीकडून मिळून माझ्याकडे पानंच्या पानं आकडे आले. सत्तावीस, एकतीस, पंचवीस, तेहतीस, पुन्हा सत्तावीस. याला रॉ डेटा म्हणतात, कच्चे आकडे. कच्च्या आकड्यांकडे कितीही वेळ बघत बसलं, तरी ते काही सांगत नाहीत. साडेतीनशे माणसं एकदम बोलायला लागली की कुणाचंच ऐकू येत नाही, तसं ते असतं.

म्हणून त्यांचे गट करायचे. सगळ्यात लहान माप बावीस निघालं आणि सगळ्यात मोठं जवळजवळ छत्तीस. मी दोन-दोन इंचांचे गट पाडले: बावीस ते चोवीस, चोवीस ते सव्वीस, असे वर चढत. एका गटाला म्हणतात क्लास, मराठीत वर्ग. दोन इंच ही त्याची रुंदी. रुंदी किती ठेवायची हे ठरवणं हाच खरा हुन्नर. शिरोडकरच्या तीन चौकोनांसारखे मोठे वर्ग केले, तर छोट्या मुलीचा पिनाफोर जमीन झाडत जाणार. अर्ध्या-अर्ध्या इंचाचे केले, तर इतकी मापं होणार की गट नाही केले तरी चाललं असतं. आमच्या कामात वर्ग म्हणजेच साइझ. प्रत्येक वर्गात कापड वरच्या टोकाच्या मापाने कापायचं, म्हणजे त्यातल्या सगळ्यात उंच मुलीलाही आखूड होत नाही.

शिरोडकरने विचारलं की जिचं माप बरोबर चोवीस आहे, ती कुठे जाणार? प्रश्न चांगला होता, आणि तो विचारल्याबद्दल मी त्याचं कौतुकही केलं. मग त्याने स्वतःच उत्तर दिलं, "दोन्हीकडे घालू." तसं केलं की एका मुलीला दोन पिनाफोर होतात. नियम असा की वरचं टोक त्या वर्गात धरायचं नाही. चोवीसची मुलगी चोवीस ते सव्वीसमध्ये जाते. तन्वी, तुझ्या टीचर याच एका गोष्टीसाठी मार्क कापतील, तेव्हा हे पाठ कर.

पुढचं काम पेन्सिलीचं. एकेक आकडा वाचायचा आणि तो ज्या वर्गात बसतो, तिथे एक उभी रेघ मारायची. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी, त्यांच्यावरून. याला टॅली म्हणतात. शेवटी प्रत्येक वर्गातल्या रेघा मोजायच्या. ती संख्या म्हणजे फ्रीक्वेन्सी, वारंवारता. शिरोडकर म्हणाला की हे एक्सेल क्षणात करतं. करतं. पण हाताने करताना कागदावर आकार तयार होताना दिसतो. रेघांच्या जुड्या मधल्या ओळींत लांब होत जातात आणि वरखाली आखूड राहतात. मुलांच्या मापांचं असंच होतं. मधली मुलं बरीच, टोकाची थोडी. मध्ये एक उंचवटा.

माझ्या टेबलात दोन उंचवटे आले.

एक सव्वीस ते अठ्ठावीसमध्ये, दुसरा तीस ते बत्तीसमध्ये. मध्ये खोलगट. टेबल दिसायला इतका देखणा होता की मला तो आवडेना. आमच्या धंद्यात दोन उंचवटे म्हणजे एका कागदावर दोन वेगवेगळे ढीग आलेले असतात. मी रेघा तालुक्यांप्रमाणे वेगळ्या केल्या. खालचा उंचवटा सगळा पेडण्याचा निघाला, वरचा सगळा डिचोलीचा.

मी शिरोडकरला सांगितलं की काहीतरी गडबड आहे, अजून कापायला द्यायचं नाही. त्याने कागद हातात घेतला आणि त्याचा चेहरा उजळला.

"बायमोडल," तो म्हणाला. "मॅडम, हे किती महत्त्वाचं आहे तुम्हाला कळतंय ना? डिचोलीच्या मुली पेडण्याच्या मुलींपेक्षा चार इंच उंच आहेत."

"फक्त पिनाफोरमध्ये चार इंच? मग अख्ख्या मुली किती उंच असतील?"

"तेच म्हणतोय. हा न्यूट्रिशन गॅप आहे."

दोन दिवसांत ऑफिसमध्ये प्रत्येकाजवळ याचं कारण तयार होतं. एकजण म्हणाला, डिचोलीत खाणींचा पैसा आला, दूध आलं. अकाउंटंट स्वतः डिचोलीचा. तो म्हणाला, आमच्याकडचं पाणीच वेगळं. ड्रायव्हरच्या मते पेडण्याची मुलं सारखी विमानं बघायला मान वर करून उभी राहतात, त्याने वाढ खुंटते. हे तो गंभीरपणे सांगत होता. मोपाचा विमानतळ सुरू होऊन तोवर फार काळ झालेला नव्हता, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

सुलभाला हे मी फोनवर सांगितलं. मग ती म्हणाली, "आमची चेडवां बुटकी? रोज दोन वेळ नुस्तां खातत ती." चेडवां म्हणजे मुली, नुस्तां म्हणजे मासे. मी तिला म्हटलं की तिच्या चेडवांवर माझा अजिबात संशय नाही.

मी टेबल आणखी फोडला, इयत्तेप्रमाणे. तेव्हा दिसलं की डिचोलीच्या पहिलीतल्या मुली पेडण्याच्या तिसरीतल्या मुलींपेक्षा उंच आहेत. पाणी कितीही वेगळं असलं, तरी एवढं करत नाही. मी टेप पर्समध्ये टाकला आणि डिचोलीची बस धरली.

तिथल्या पहिल्या शाळेच्या मुख्याध्यापिका शेटये टीचर. व्यवस्थित बाई. मला बघून त्यांना आनंद झाला. त्यांनी मापाच्या चिठ्ठ्या इयत्तेप्रमाणे रबर लावून ठेवल्या होत्या, आणि मी आजवर पाहिलेल्या चिठ्ठ्यांत त्या सगळ्यात नीटनेटक्या होत्या. मी म्हटलं, एखाद्या मुलीला बोलवा. त्यांनी दुसरीतल्या दीक्षाला बोलावलं. चिठ्ठीवर तिचं माप बत्तीस होतं. मी टेप लावला. अठ्ठावीस.

दीक्षाने माझ्याकडे अपराधी नजरेने पाहिलं, जणू तिनेच काही कमी केलं होतं.

"टीचर, हे बत्तीस कुठून आलं?"

"घरून तीस आलं होतं," टीचर शांतपणे म्हणाल्या. "मी दोन वाढवले. आया नेहमी घट्ट माप लिहितात. मूल वाढतं, याचा विचारच करत नाहीत."

दीक्षाची आई मनीषा शाळेजवळच राहते. तिला बोलावून घेतलं. ती पदराला हात पुसत आली आणि सगळी हकिगत ऐकून तिला कशाचंच आश्चर्य वाटलं नाही.

"दोन इंच मी घातले, मॅडम. चेडूं वाडटा मगे. दोन वर्सां तरी घालूंक जाय. मागीर धाकट्याक आसा."

म्हणजे दोन वर्षं दीक्षाने घालायचा आणि मग धाकटीने. तिने ते दोन इंच लपवले नव्हते. कुणी विचारलंच नव्हतं. आपल्याकडे शाळेच्या कपड्याचं माप सांगताना कुठल्याही आईच्या तोंडून आजचं माप निघत नाही, पुढच्या वर्षीचं निघतं. टीचरनी वर आणखी एका वर्षाची सोय केली. आणि हे माप सुलभाकडे गेलं असतं, तेव्हा तिनेही कापताना आपले दोन इंच वाढवले असते, कारण शिंपी तेच करतो. पेडण्याला माप तिच्या गटानेच घेतलं होतं, म्हणून तिथले आकडे तेवढे खरे होते. डिचोलीची दीक्षा सहा इंच जास्त लांब पिनाफोर घालून शाळेत आली असती आणि ट्रस्टने फोटो काढला असता.

मी मनीषाला आणि टीचरना एकमेकींसमोर बसवून सांगितलं की दोघींनीही दोन-दोन घातलेत. टीचर म्हणाल्या, "अगो, मग मला सांगायचंस ना." मनीषा म्हणाली, "तुम्ही विचारलात कधी?"

बाकीच्या शाळांत विचारलं, तिथेही हेच निघालं. आता सोपा उपाय वाटतो की डिचोलीच्या प्रत्येक मापातून चार इंच वजा करायचे. शिरोडकरने फोनवर तोच सुचवला. पण सगळ्या आया सारख्या नसतात. कुणी तीन घातले होते, कुणी एक. एका मुलीचे वडील वीज खात्यात होते, त्यांनी मोजून मिलिमीटरमध्ये लिहिलं होतं आणि काहीच घातलं नव्हतं. त्यांच्या मुलीतून चार वजा केले असते, तर पिनाफोरचा ब्लाउज झाला असता. चूक सगळीकडे सारखी असेल तर ती काढून टाकता येते. प्रत्येकाने आपल्या मनाने केलेली चूक काढता येत नाही. पुन्हा मोजावंच लागतं.

सुलभा गटातल्या दोघींना घेऊन डिचोलीला आली. आधी शेटये टीचरच्या शाळेच्या ओसरीवर मुली रांगेत उभ्या केल्या. पण बातमी पसरली होती आणि आयासुद्धा आल्या होत्या. टेप खांद्यावर धरला की मागून कुणीतरी म्हणायची, जरा सैल धर गे. एकीने मुलीला चवड्यांवर उभं राहायची खूण केली. दुसरीने सरळ सांगितलं की आमचं माप आधीच दिलंय, पुन्हा कशाला, आणि पेडण्याच्या बायका आता आमच्या मुलींचे कपडे आखूड करणार काय? हशा झाला, पण त्यात थोडा खार होता. पहिली इयत्ता व्हायच्या आतच सगळं अडलं.

सुलभाने टेप गळ्यात टाकला आणि मला बाजूला घेतलं. खालच्या काठाला आत दुमडून जास्तीचं कापड ठेवता येतं, शिवणकामात त्याला माया म्हणतात. ती तीन इंच ठेवली तर कापड पुरेल का, हे तिला विचारायचं होतं. मी तिथेच पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला. डिचोलीच्या मापांत घुसलेले हवेतले इंच गेले की बरंच कापड मोकळं होत होतं. तेच दोन्ही तालुक्यांच्या मायेत घालायचं. पुरत होतं. अगदी काठोकाठ, पण पुरत होतं. अट एकच, की कापताना ती स्वतःचे दोन इंच घालणार नाही. तिने ती मान्य केली. मला वाटतं, सगळ्यात जड तिला हेच गेलं.

मग ती ओसरीच्या पायरीवर उभी राहिली आणि आयांना म्हणाली, "माप आजचां द्या. वाढ मी आत दुमडून देतंय. चेडू वाढला की टाका उसवा नि खाली सोडा. दर वर्सा एक इंच. तीन वर्सां."

मनीषाने विचारलं, "आणि उसवल्यावर दुमडीची रेघ दिसेल त्याचं काय?"

"दिसतली," सुलभा म्हणाली. "लोकांक कळांदे चेडू वाढला तां."

यानंतर माप घेताना कुणी आई मध्ये पडली नाही. दीक्षाला चवड्यांवर उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती राहिली. तिला खाली उतरवलं. अठ्ठावीस.

सगळ्या शाळांचे नवे आकडे घेऊन मी पुन्हा रेघा मारल्या. एक उंचवटा, मध्ये, जिथे असायला हवा तिथे. डिचोली आणि पेडणे एकमेकांवर इतके नीट बसले की वेगळे ओळखू येईनात. हा टेबल पहिल्याइतका देखणा नव्हता. सुलभाने त्यावरून कातर चालवली. जूनमध्ये पिनाफोर वाटले, आणि माझ्या नोकरीत क्वचित घडलेली गोष्ट घडली: कागदावर जे होतं, तेच मुलींच्या अंगावर होतं. काही आयांची तक्रार आली की कपडे फारच बरोबर बसतात, बघायला कसंसंच वाटतं. ती मी फाइलला लावली.

इथपर्यंतची गोष्ट गणिताची. पुढची ऑफिसची आहे.

नवा टेबल मी शिरोडकरला दाखवला तेव्हा मला एक गोष्ट कळली. पहिला, दोन उंचवट्यांचा टेबल त्याने मधल्या काळात ट्रस्टींच्या मीटिंगमध्ये स्लाइडवर दाखवला होता. ट्रस्टी हेलावले होते. पेडण्याच्या मुलींची उंची वाढवण्यासाठी तिथल्या शाळांत रोज एक उकडलेलं अंडं आणि न खाणाऱ्यांना केळं, असा पोषण प्रकल्प मंजूर झाला होता. कंत्राटही दिलेलं होतं.

"गॅप नाही आहे," मी म्हटलं. "कधीच नव्हता."

"मॅडम, मंजुरी रद्द करायला पुन्हा मीटिंग लागेल. चेअरमन दुबईत आहेत."

मी लेखी टिपण दिलं: पहिला टेबल चुकीच्या मापांवर आधारलेला आहे, तो वापरू नये. टिपणाची पोच मिळाली. अंडी सुरू झाली. पेडण्याच्या मुलींनी ती आनंदाने खाल्ली आणि डिचोलीच्या शाळांतून आमच्या अंड्यांचं काय, अशी पत्रं यायला लागली.

पुढच्या वर्षी पुन्हा मापं घ्यायची वेळ आली. या वेळी दोन्ही तालुक्यांत सुलभाच्या गटानेच टेप लावला. टेबलात एकच उंचवटा. शिरोडकरने गेल्या वर्षीचा पहिला टेबल आणि यंदाचा टेबल शेजारी शेजारी ठेवले. गेल्या वर्षी दोन तालुक्यांत चार इंचांचा फरक, यंदा शून्य. वार्षिक अहवालात रंगीत पान आलं: एका वर्षात पोषणातली दरी बुजली. नीट वाचलं असतं तर त्या आकड्यांवरून असंही दिसत होतं की डिचोलीच्या मुली वर्षभरात चार इंच आखूड झाल्या आहेत. ते कुणी वाचलं नाही.

मी पान हातात घेऊन त्याच्या केबिनमध्ये गेले. त्याने मला बसायला सांगितलं आणि दार लावलं.

"तुमचं टिपण माझ्या लक्षात आहे," तो म्हणाला. "पण या पानामुळे ट्रस्टींनी दोन गोष्टी मंजूर केल्या. अंडी आता डिचोलीलाही मिळणार. आणि युनिफॉर्मची ऑर्डर परबबाईंच्या गटालाच, पुढची पाच वर्षं. वास्कोचा कॅटलॉग मी परत पाठवला. पान मागे घेऊ का, सांगा."

मी त्याला म्हटलं की पान चुकीचं आहे, आणि तसं मी पुन्हा लिहून देणार. दिलंही. तेही फाइलला आहे. शिरोडकरने पान मागे घेतलं नाही आणि ट्रस्टींपैकी कुणीही मला कधी काही विचारलं नाही.

तन्वी, तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. आकड्यांचे वर्ग करायचे, कारण त्याशिवाय त्यांचा आकार दिसत नाही. आकार दिसला की लगेच खूश व्हायचं नाही. जाऊन एक तरी मूल स्वतः मोजायचं. आणि टेबल बरोबर केला म्हणून लोक बरोबर निर्णय घेतील, अशी अपेक्षा धरायची नाही. कधीकधी ते चुकीच्या टेबलावरून बरा निर्णय घेतात. त्याचा फॉर्म्युला मला अजून सापडलेला नाही.

मी ते काम आता सोडलं आहे. शिरोडकर बढती होऊन मुंबईला गेला. सुलभाचा गट चालू आहे. मापं त्या बायकाच घेतात, वर्गही त्याच पाडतात, दोन-दोन इंचांचे, आणि वरचं टोक धरत नाहीत. दोन्ही तालुक्यांतल्या त्या शाळांत मुली रोज अंडं खातात. पिनाफोरच्या आत तीन इंच माया अजून असते.